चित्राचे दफ्तर

(न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे मराठी रहिवाशांसमोर स्मारक-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या दिवंगत गुरुजींच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांनी हयातभर शाळेतील मुलांना चित्रकला शिकविली. तेव्हा येथे चित्रकलेवरच काही बोलावे ही चालकांची सूचना मी शिरोधार्य मानली. विषयाची निवड मात्र माझी आहे. अमेरिकेत न्यू हेवन या गावी येल विद्यापीठात ब्रिटिश कलेच्या अध्ययनासाठी व अध्यापनासाठी उभारलेले एक स्वतंत्र केंद्र आहे. ते कसे उभे राहिले, तेथे काय चालते, आणि त्याच्या उदाहरणापासून आपण मराठी माणसांनी, त्यातही वायकाटो नदीच्या काठी येऊन राहिलेल्यांनी, काय उचलण्यासारखे आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

हॅमिल्टनमध्ये बसून, मराठीतून, अमेरिकेतील एका संस्थेविषयी, आणि तेही इंग्रजांच्या कलेविषयी बोलणे हा द्राविडी प्राणायाम आहे, असे कोणास वाटले तर त्यास मी दोष देणार नाही. ब्रिटिश कला म्हटली की इंग्लंडातील उमराव, त्यांच्या बायका, त्यांचे घोडे, आणि ढगाळ आकाशाखाली चरणारी गुरे यांची तसबीर डोळ्यांसमोर उभी राहते, आणि यात आपला काय संबंध असा प्रश्न साहजिकच मनात येतो. संबंध आहे, आणि तो वाटतो त्याहून पुष्कळ निकटचा आहे. माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. महाराष्ट्राने जुन्या कागदाचे संशोधन ज्या निष्ठेने केले त्या निष्ठेने जुन्या चित्राचे केले नाही. चित्र हाही एक दस्तऐवज आहे, तोही कागदाप्रमाणे वाचावा लागतो, त्याचीही रुजुवात घालावी लागते, आणि हे वाचन शिकविण्याची कायमची सोय करणे हेच अशा केंद्राचे खरे कार्य असते. हे ज्यांनी केले त्यांनी ते आपल्यासाठी केले नसेल. परंतु ते करीत असता आपल्याच इतिहासाचे काही कागद त्यांच्या दफ्तरी जाऊन पडले आहेत.

प्रथम न्यूझीलंड व हिंदुस्थान या दोन देशांना जोडणाऱ्या एका चित्रकाराचे नाव घेतो. कॅप्टन कुक आपल्या दुसऱ्या सफरीवर १७७२ साली निघाला तेव्हा त्याच्या जहाजावर विल्यम हॉजेस नावाचा तरुण चित्रकार होता. वस्तुतः त्या सफरीसाठी योहान झोफनी या नामांकित चित्रकाराची योजना झाली होती. परंतु सर जोसेफ बँक्स यांनी ऐनवेळी अंग काढून घेतले, त्यांच्याबरोबर झोफनीही राहिला, आणि ती जागा हॉजेसला मिळाली. या देशाच्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोकाची डस्की खाडी, तेथील धबधबे, तेथील माणसे, कुकच्या सामुद्रधुनीवर उठलेले जलस्तंभ, हे सर्व हॉजेसने चितारले. पुढे १७८० साली हाच हॉजेस हिंदुस्थानात आला, वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने गंगेच्या खोऱ्यात हिंडला, आणि परत गेल्यावर त्याने हिंदुस्थानातील निवडक देखाव्यांचे मुद्रित संग्रह प्रसिद्ध केले. आणि मौज अशी की, न्यूझीलंडला न आलेला झोफनीही १७८३ साली हिंदुस्थानातच जाऊन पोहोचला व लखनौच्या नवाबाच्या दरबारी रमला. एकाच हाताने, एकाच शिक्षणाने, एकाच धन्यांच्या सोयीने न्यूझीलंडचे अरण्य आणि काशीचे घाट चितारले जावेत, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ब्रिटिश कला ही ब्रिटनच्या किनाऱ्याशी संपणारी वस्तू नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा संबंध याहूनही घरगुती आहे. येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी शाळेत असता एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांच्या तासांत घामाघूम होऊन कागद खोडरबराने झिजविले असतील. त्या शिक्षणक्रमाचे मूळ शोधू गेल्यास आपण लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथे जाऊन पोहोचतो. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनानंतर इंग्लंडच्या कारखान्यांतील मालाला सुबकपणा नाही अशी ओरड झाली, आणि हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी रेखनाचा एक कडक, पायरीपायरीचा शिक्षणक्रम सरकारी खात्यामार्फत सर्वत्र लागू केला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईस १८५७ साली जी कलाशाळा निघाली तिच्यात हाच शिरस्ता रुजला; १८६५ साली तेथे आलेले जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे त्याच परंपरेतले. इकडे या देशात डनेडिन येथे १८७० साली डेव्हिड हटन या स्कॉटिश शिक्षकाच्या हाताखाली जी चित्रशाळा सुरू झाली तिच्यातही त्याच वळणाचे धडे होते. म्हणजे ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून छायाप्रकाश घोटण्याची शिक्षा मुंबईच्या आणि डनेडिनच्या विद्यार्थ्यांनी एकाच सुमारास भोगली.

या शिक्षणाचे फळ वाईट आले असे मी म्हणत नाही. धुरंधरांसारखा कुशल चित्रकार त्याच शाळेतून निघाला. आणि ग्रिफिथ्सनी आपल्या एतद्देशीय विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुढे एक तपाहून अधिक काळ अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या प्रती करविल्या, त्यांपैकी कित्येक १८८५ साली लंडनला आगीत जळून गेल्या तरी उरल्यासुरल्यांचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आम्ही ब्रिटिश कला हाताने गिरविली, परीक्षेपुरती पाठ केली, तिचा सराव केला. तिचा अभ्यास केला नाही. ही पद्धत कोणी, कशासाठी, कोणत्या हिशेबाने आणली, तिने आमच्या डोळ्याला काय दिले आणि काय हिरावून घेतले, याची चौकशी करणारी पिढी फार उशिरा आली. सराव आणि अभ्यास यांतील हे अंतर मिटविण्यासाठी निराळी संस्था लागते.

आता न्यू हेवनकडे वळतो. पॉल मेलन हा अमेरिकेतील एका अतिधनाढ्य घराण्यातील गृहस्थ. त्याचे वडील अँड्र्यू मेलन यांनी वॉशिंग्टनचे राष्ट्रीय चित्रालय स्थापन केले, आई इंग्लंडची, स्वतः पॉल येल विद्यापीठाचा १९२९ सालचा पदवीधर, पुढे केंब्रिजला शिकलेला, आणि घोड्यांचा मोठा शोकीन. इंग्रजी चित्रांना त्या काळी अमेरिकेतील संग्राहकांत, मोजकी व्यक्तिचित्रे सोडली तर, फारसा भाव नव्हता. मेलनने ती मन लावून जमविली, आणि १९६६ साली सर्व संग्रह, त्यासाठी इमारत आणि ती चालविण्यासाठी द्रव्य, असे तिन्ही आपल्या विद्यापीठास देऊ केले. या तिन्हींचा एकत्र विचार हेच त्या दानाचे वैशिष्ट्य होय. चित्रे देणारे दाते पुष्कळ असतात. चित्रांबरोबर ग्रंथालय, सूचिकार, शिष्यवृत्त्या आणि प्रकाशनखाते यांची तजवीज करणारा विरळा. लंडनमध्ये बेडफर्ड स्क्वेअरच्या बाजूस मेलनच्याच दानातून १९७० साली निघालेले एक भगिनी-केंद्र आहे. ब्रिटिश कलेवरील ग्रंथ प्रसिद्ध करणे आणि संशोधकांस साहाय्य देणे हे त्याचे काम.

न्यू हेवनच्या इमारतीचा स्थपती लुई कान. आपल्यापैकी जे अहमदाबादला गेले असतील त्यांनी भारतीय प्रबंधन संस्थेच्या विटांच्या भव्य कमानी पाहिल्या असतील. त्या याच कानच्या. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यू यॉर्कच्या रेल्वे स्थानकावर त्याला मृत्यूने गाठले, आणि ब्रिटिश कलेचे हे केंद्र त्याच्या पश्चात पुरे होऊन १९७७ साली उघडले. बाहेरून पाहावे तर करड्या पोलादाचे पत्रे आणि काच, असा विरागी वेष. रस्त्याच्या अंगाला तळमजल्यावर चक्क दुकाने. आत गेल्यावर मात्र काँक्रीटच्या उघड्या खांबांच्या चौकटीत पांढऱ्या ओकच्या फळ्या बसविलेल्या, भिंतींवर न रंगविलेले लिननचे कापड ताणलेले, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर छतातून गाळून उतरलेला दिवसाचा उजेड. आकाशात ढग आला तर चित्रावरचा प्रकाश बदलतो. कॉन्स्टेबलने ज्या आकाशाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्याच्या चित्रावर त्या घटकेचे आकाश आपला अंमल चालवीत असावे, यात स्थपतीची मर्मदृष्टी दिसते.

परंतु इमारतीच्या वर्णनात रमणे हा माझा हेतू नव्हे. त्या वास्तूत सुमारे दोन हजार तैलचित्रे, वीस हजारांच्या आसपास रेखाचित्रे व जलरंगचित्रे, त्याहून अधिक मुद्राचित्रे, आणि हजारोंनी दुर्मिळ ग्रंथ व हस्तलिखिते आहेत. भिंतीवर टांगलेले त्यातले अल्पांश. बाकीचे पेटाऱ्यांत आणि खणांत. आणि खरे अध्ययन भिंतीपाशी नव्हे, मेजापाशी होते. अगोदर कळविले म्हणजे हवे ते रेखाचित्र अभ्यासिकेत काढून समोर ठेवतात. त्यासाठी प्राध्यापक असण्याची अट नाही, आणि शुल्कही नाही. कागदाची जात कोणती, पाणखूण कोणाची, शाई खाली आहे की रंग खाली आहे, समासातले अक्षर कोणाचे, पाठीमागे काय लिहिले आहे, हे त्या मेजावर पाहावयास मिळते. शेजारीच ग्रंथालय, त्यामुळे चित्राची शंका ग्रंथाला आणि ग्रंथाची शंका चित्राला तत्काळ विचारता येते. वस्तू, नोंद आणि बैठक, या तिघांची गाठ एका छपराखाली घातली म्हणजे अभ्यासकेंद्र तयार होते. यांतील एक जरी वगळले तरी उरते ते कोठार, नाहीतर कचेरी, नाहीतर गप्पांचा अड्डा.

अशा त्या खणांत आपले काय आहे? अठराव्या शतकाच्या अखेरीचे पुणे आहे. चार्ल्स मॅलेट हा कंपनी सरकारचा वकील १७८६ पासून १७९७ पर्यंत पेशव्यांच्या दरबारी होता. राजकारणाखेरीज त्याला लेण्यांचा, प्राण्यांचा आणि चित्रांचा नाद. त्याच्या पदरी गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबटकामाच्या घराण्यातला म्हणून गंगाराम तांबट या नावाने ओळखला जाणारा, पुण्याचा चित्रकार होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातील पशू, पुण्यातील माणसे, वेरूळची लेणी, अशी गंगारामची अनेक चित्रे मॅलेटच्या संग्रहात गेली, आणि फिरत फिरत त्यांतील बरीचशी न्यू हेवनला येऊन स्थिरावली. नोव्हेंबर १७९० मध्ये काढलेला पेशव्यांचा गेंडा त्यांतच आहे. १७९१ साली मुंबईस उतरलेला आणि पुढल्या साली पुण्यास आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स, ज्याने सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे सुप्रसिद्ध चित्र केले, त्याच्या रोजनिशाही त्याच केंद्राच्या ताब्यात आहेत. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबरात, वेल्सही मरण पावला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने पुढे १८०३ साली ग्रंथ काढला.

त्याच केंद्रात जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराचे १७६३ सालचे एक झेब्र्याचे चित्र आहे. इंग्लंडच्या राणीला आफ्रिकेहून आलेला तो नजराणा. स्टब्जने त्या जनावराचा पट्टान् पट्टा डोळ्यांत तेल घालून उतरविला. कानांचे वळण, खुरांचा बारकेपणा, मानेवरून पोटाकडे वळणाऱ्या रेषा, यांत कसूर नाही. पण त्याला उभे केले ते इंग्लिश वनराईच्या कवडशांत, म्हणजे जेथे झेब्रा कधी जन्मला नाही आणि चरला नाही अशा ठिकाणी. पशू खरा आणि परिसर उसना. आता त्याच्या शेजारी गंगारामचा गेंडा मनाने ठेवून पाहा. तोही दरबाराने बाळगलेला, मूळच्या रानातून पुष्कळ दूर आणलेला. त्याला चितारणारा हात पुण्यातल्या एका कारागिराचा, चित्र हवे असणारा साहेब परका, आणि कागदावर महिना व साल टाकण्याची शिस्त दफ्तरी. स्टब्ज ब्रिटिश खरा. मग गंगाराम कोण? केंद्राने त्यालाही आपल्या सूचीत त्याच्या नावानिशी घातले आहे. २०११ साली तेथे भरलेल्या हिंदुस्थानविषयक प्रदर्शनात ही पुण्याची चित्रे मांडली गेली, आणि ते मांडणाऱ्या हॉली शॅफर या विदुषीने पुढे २०२२ साली पश्चिम हिंदुस्थानातील मराठे व इंग्रज यांच्या कलाव्यवहारावर विस्तृत ग्रंथ लिहिला. इकडे उदय कुलकर्णी यांनीही जेम्स वेल्सवर पुस्तक सिद्ध केले आहे. ब्रिटिश कलेचा अभ्यास प्रामाणिकपणे करू गेले की पुणे टाळता येत नाही, याचा यापरता पुरावा कोणता द्यावा!

चित्र दस्तऐवज आहे असे म्हटले म्हणजे ते म्हणेल ते खरे, असा अर्थ होत नाही. कागद खोटे निघतात तशी चित्रेही निघतात. लंडनच्या टेट संग्रहालयात टॉमस डॅनियलचे १८०५ सालचे एक भव्य चित्र आहे. टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहासाठी मॅलेट पेशव्यांच्या भरदरबारात बसला आहे, भोवती सरदार-मुत्सद्द्यांची दाटी आहे, आणि मागे विशाल गजानन विराजमान आहे, असा तो देखावा. आता रुजुवात घालू. डॅनियल त्या दरबारास हजर नव्हता. त्याने आधारास घेतली ती वेल्सची रेखाटने. आणि वेल्स तर तहाच्या पुढल्या वर्षी मुंबई बंदरात उतरलेला. म्हणजे न पाहिलेल्याने न पाहिलेल्यावरून काढलेले हे चित्र. प्रसंगाचा साक्षीदार म्हणून त्याची किंमत बेताची. तेवढ्याने ते निकालात काढावे काय? नाही, कारण शनिवारवाड्याचे महाल १८२८ च्या आगीत भस्मसात झाले, आणि त्या दिवाणखान्याची आरास, त्याचे खांब, त्याची बैठक यांची कल्पना येण्यासाठी वेल्सने प्रत्यक्ष पुण्यात बसून केलेल्या कामावर उभारलेल्या या चित्राएवढे साधन दुसरे सहसा सापडत नाही. एकाच चित्राची साक्ष एका मुद्द्यावर अग्राह्य आणि दुसऱ्यावर अमूल्य ठरते. हा विवेक उपजत येत नाही. तो शिकवावा लागतो.

केंद्राने स्वतःच्या घरातील एका चित्रावर हाच विवेक चालविला, तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. येल विद्यापीठाला ज्याचे नाव मिळाले तो एलिहू येल मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा १६८७ ते १६९२ या काळातील गव्हर्नर. १७१८ साली त्याने पाठविलेल्या मालाच्या गासड्या, ग्रंथ आणि राजाची तसबीर यांच्या मोबदल्यात त्या लहानशा विद्यालयाने त्याचे नाव धारण केले. म्हणजे त्या नावाच्या तळाशी मद्रासच्या व्यापारातील पैसा आहे. याच येलचे, आप्तेष्टांसह मेजाभोवती बसलेले, एक समूहचित्र केंद्रात आहे. मेजावर मद्य, हाती चिलमी. आणि एका कडेस गळ्यात कुलपाचे धातूचे कडे असलेला एक कृष्णवर्णी मुलगा सेवेस उभा. बैठकीतील श्रीमंतांची नावे लावण्यासाठी जेवढी खटपट झाली तेवढी या मुलासाठी झालेली नव्हती. २०२० साली हे चित्र भिंतीवरून उतरविले, काही काळ तेथे टायटस कफार या आजच्या चित्रकाराचे त्याच मुलाला मध्यभागी आणणारे चित्र लावले, दरम्यान मूळ चित्राची रंगद्रव्ये, काळ, माणसे यांची कसून चौकशी केली, आणि त्या चौकशीच्या हकिकतीसह २०२२ साली ते पुन्हा टांगले. मुलाचे नाव सापडले नाही. पण तो गुलामगिरीत असलेला मुलगा होता हे चित्राच्या शीर्षकातच नमूद झाले. लाज वाटली म्हणून चित्र तळघरात टाकणे सोपे होते, आणि वारसा म्हणून डोळे मिटून टांगून ठेवणे त्याहूनही सोपे होते. केंद्राने तिसरा, कष्टाचा मार्ग पत्करला.

आता आपल्याकडे पाहू. कागदांच्या बाबतीत महाराष्ट्राला कोणी नावे ठेवू नयेत अशी कामगिरी झालेली आहे. राजवाड्यांनी वाडेहुडे, देवघरे, माळे धुंडाळून काढलेली इतिहासाची साधने १८९८ पासून खंडामागून खंड प्रसिद्ध झाली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. पत्र अस्सल की नक्कल, मोर्तब कोणाचे, तिथी जुळते की नाही, मायना योग्य की अयोग्य, यावर आमच्या संशोधकांनी आपसांत हातघाईवर येईपर्यंत वाद घातले. पण त्याच संशोधकांच्या ग्रंथांत चित्र येते ते बहुधा मुखपृष्ठापुरते किंवा पानाची शोभा म्हणून. ते कोणी काढले, कशावरून काढले, मूळ कोठे आहे, याचा पत्ता पुष्कळदा नसतो. द. ग. गोडसे यांच्यासारखा स्वतः चित्रकार असलेला, आणि जुन्या चित्राकडे व जुन्या वास्तूकडे कागदाइतक्याच चिकित्सेने पाहणारा एखादा निघाला. तो अपवादच राहिला. याचे कारण आमच्या विद्यापीठांच्या रचनेत आहे. इतिहासाचा विद्यार्थी मोडी शिकतो, रंग-रेषा शिकत नाही. कलाशाळेचा विद्यार्थी रंग-रेषा शिकतो, मोडीला हात लावीत नाही. आणि गंगारामचा गेंडा या दोघांच्या मधल्या ओसाड जागेत उभा राहतो. त्याला ओळखावयाचे तर न्यू हेवनचा कागद आणि पेशवे दफ्तरातील शिकारखान्याचा जमाखर्च एकमेकांसमोर ठेवणारा माणूस हवा. तो तयार करण्याची शाळा ना येथे आहे ना तेथे.

येथवर परगावच्या गोष्टी झाल्या. आता आपण जेथे बसलो आहो त्या गावाकडे येतो. या गावाचे जुने माओरी नाव किरिकिरिरोआ. १८६४ साली वायकाटोची लढाई संपल्यावर येथे लष्करी वसाहत बसविण्यात आली, आणि त्याच वर्षी २९ एप्रिल रोजी टौरंगाजवळ गेट पा येथे पडलेला आरमारी कप्तान जॉन हॅमिल्टन याचे नाव तिला देण्यात आले. वायकाटोची लाखो एकर जमीन सरकारजमा झाली. त्या जप्तीविषयीची तडजोड आणि ब्रिटनच्या राणीच्या नावची क्षमायाचना यांस १९९५ साल उजाडावे लागले. कप्तानाचा पुतळा गावात बसला तो अलीकडे, २०१३ साली. आणि २०२० च्या जूनमध्ये नगरपालिकेने तो काढून नेला.

या लढाईत उतरलेल्या माणसांत चित्रकार किती होते हे पाहिले म्हणजे अचंबा वाटतो. चार्ल्स हीफी हा लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेला, वसाहत-कंपनीचा नकाशेकारकून. त्याने १८४० साली चितारलेला तारानाकी पर्वत येथील बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिला असेल: पायथ्याशी अरण्य, आणि त्यातून दोन्ही बाजूंस सारख्याच रेषेने उठलेला बर्फाच्छादित शंकू, उतार मात्र प्रत्यक्षाहून पुष्कळ अधिक उभे. नव्या भूमीकडे गिऱ्हाइकाचे मन ओढण्याचे काम कंपनीकडे होते, हे कळल्यावर त्या उतारांचे रहस्य उलगडते. हाच हीफी १८६४ च्या फेब्रुवारीत तेआवामुटूजवळच्या चकमकीत गाजविलेल्या शौर्याबद्दल पुढे व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी झाला. होरेशिओ रॉब्ली ब्रह्मदेशातून पलटणीबरोबर आला, आणि गेट पाच्या लढाईची रेखाटने करून गेला. गुस्टाव्ह फॉन टेम्प्स्की तर जन्माने प्रशियाचा. अरण्यातील युद्धाची जलरंगचित्रे त्याने मोठ्या हौसेने केली, आणि त्याच्याच तुकडीने १८६३ साली ते विनिका ही वायकाटो जमातीची युद्धनौका निकामी करून टाकली.

ती नौका आज ग्रँथम रस्त्यावरच्या वायकाटो संग्रहालयात आहे. सुमारे पंचवीस मीटर लांबीची, टोटारा वृक्षाच्या लाकडाची. मोडून पडलेल्या तिच्या सांगाड्याचा राजकुमारी ते पुइआ यांनी १९३० नंतरच्या दशकात जीर्णोद्धार करविला, आणि १९७३ साली माओरी राणी ते अताइरंगिकाहू यांनी ती शहराच्या हवाली केली. आपल्या मुलांना घेऊन आपण तिच्यासमोर उभे राहतो तेव्हा कोरीव काम पाहतो, छायाचित्र घेतो आणि पुढे जातो. परंतु जो हात चित्र रंगवितो तोच हात नौकेवर कुऱ्हाड चालविणाऱ्यांचे नेतृत्व करतो, या दोन गोष्टी एकाच फेरिस्तीत लिहिल्याशिवाय न्यूझीलंडमधील ब्रिटिश कलेचा अध्याय पुरा होत नाही. आणि फॉन टेम्प्स्कीचे एखादे जलरंगचित्र एकीकडे व ते विनिकाचा कोरीव नाळ दुसरीकडे, असे दोन्ही पुरावे समोर ठेवून शिकविण्याची सोय ज्या गावांत होण्यासारखी आहे त्यांत हे गाव अग्रगण्य आहे.

शिवाय येथील उद्यानांत इंग्रजी अभिरुचीचा इतिहास अक्षरशः मातीत लावून ठेवलेला आहे. ट्यूडर काळचे, भूमितीच्या आखणीत झुडपे कातरलेले उद्यान. अठराव्या शतकातील, चित्रातील देखाव्याप्रमाणे निसर्ग रचू पाहणारे उद्यान. त्यापुढचे इंग्रजी फुलांचे उद्यान. थोड्या अंतरावर मोगली चारबाग. आणि ते पारापारा हे माओरी शेतीचे उद्यान. हॉजेसचा डोळा ज्या अभिरुचीने घडविला, ती काय होती हे पुस्तकातून समजावून घेण्यास एक दिवस लागेल. या उद्यानांच्या वाटेवरून अर्धा तास चालत गेले तर मुलालाही समजेल.

अशा अभ्यासावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की ज्यांनी राज्य केले त्यांच्याच कलेचा अभ्यास आम्ही का करावा. आमची कला काय कमी आहे? या आक्षेपामागील भावना मला मान्य आहे, तर्क मान्य नाही. फिर्यादीने प्रतिपक्षाचे कागद पाहण्याचे नाकारले तर नुकसान फिर्यादीचेच होते. आणि वर सांगितल्याप्रमाणे त्या कलेत आमच्या माणसांचे हात आणि आमच्या माणसांचे चेहरे गुंतलेले आहेत. तिचा त्याग म्हणजे त्यांचाही त्याग. दुसरा आक्षेप असा, की मेलनसारखा कुबेर पाठीशी असल्याशिवाय असे केंद्र निघत नाही. कोठार निघत नाही, हे खरे. बैठक निघू शकते. न्यू हेवनच्या केंद्राने २०११ पासून आपल्या मुक्त हक्कातील चित्रांच्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा विनामूल्य पाहावयास व उतरून घ्यावयास खुल्या केल्या आहेत. गंगारामचा कागद आज या गावातल्या कोणत्याही घरात पडद्यावर वाचता येतो. १९६४ साली स्थापन झालेले वायकाटो विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, माओरी विद्येचे अध्यापन तेथे भरभराटीस आलेले आहे, आणि चित्राच्या साक्षीपेक्षा मौखिक परंपरेची साक्ष केव्हा श्रेष्ठ ठरते हे आपल्याला तेथील पंडितांकडून शिकण्यासारखे आहे.

म्हणून माझी सूचना मर्यादित आणि व्यवहार्य आहे. या व्याख्यानमालेने वर्षातून एक बैठक चित्रवाचनासाठी राखून ठेवावी. प्रत्येक वेळी एकच चित्र घ्यावे. एका वर्षी पुण्याचे, एका वर्षी वायकाटोचे. मोडी वाचणारा एक, चित्रकला जाणणारा एक, आणि वायकाटोच्या चित्राच्या वेळी त्या जमातीतला जाणता एक, अशा तिघांनी त्याची तपासणी करावी: कोणी काढले, कोणी काढविले, काढणाऱ्याने काय पाहिले होते, काय ऐकले होते, काय कल्पिले होते, आणि कोणाला चौकटीबाहेर ठेवले होते. जे ठरेल त्याचे टिपण छापावे, एक प्रत येथल्या ग्रंथालयात ठेवावी व एक पुण्यास मंडळाकडे पाठवावी. रुआकुराच्या प्रयोगशाळांत, दुग्धव्यवसायात, इस्पितळांत, संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या मंडळींना हे जड जाईल असे मला वाटत नाही. पुराव्याशिवाय विधान करू नये ही शिस्त त्यांच्या रोजच्या कामातच आहे. दहा वर्षांत दहा टिपणे झाली तरी पुढे जो कोणी पुण्यात किंवा ऑकलंडात असे केंद्र काढील त्याला आयत्या दहा नोंदी मिळतील, आणि त्या नोंदींत ब्रिटिश कलेची व्याख्या लंडनच्या किंवा न्यू हेवनच्या सोयीने नव्हे, तर आपल्या चौकशीने झालेली असेल. पहिल्या वर्षाचे चित्र म्हणून मी गंगारामच्या गेंड्याचे नाव सुचवितो.